सलाइनच्या खुर्चीतली वर्षं

मल्टिपल मायलोमा या कर्करोगाच्या रुग्णाच्या घरात वारांची नावं हळूहळू बदलतात. एक तपासणीसाठी रक्त द्यायचा वार, दुसरा औषधाचा वार. औषधासोबत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, त्यामुळे ती रात्र टक्क जागी जाते. कुणी मध्यरात्री कपाट आवरायला काढतं, कुणी पहाटे तीनला भांडी घासत बसतं. दोन दिवसांनी स्टेरॉइडचा जोर ओसरला की अंगात त्राण नसलेला वार येतो. मग दोन-तीन दिवस बरे जातात, आणि पुन्हा रक्त द्यायचा वार उजाडतो.

अशी वर्षं जातात.

लग्नाकार्यात भेटणारी माणसं विचारतात, “संपली का ट्रीटमेंट?” विचारण्यात माया असते, पण उत्तर देताना रुग्ण अडखळतो. अनेक कर्करोगांत किमोच्या सायकल मोजून ठरलेल्या असतात. शेवटची झाली की घरी पेढे वाटता येतात. मायलोमात बहुतेकदा औषध लागू पडतंय आणि सोसतंय तोवर चालू ठेवायचं असतं. आजार आटोक्यात असतो, माणूस चालता-फिरता असतो, आणि तरीही दर काही दिवसांनी त्याला डे-केअरच्या खुर्चीत हात पुढे करून बसायचं असतं. आपली रुग्णालयं, विमा, कचेरीतली रजा, सरकारी योजना हे सगळं मात्र ‘दाखल झाला, बरा झाला, घरी गेला’ याच हिशेबावर उभं आहे. या हिशेबात न बसणाऱ्या माणसांची संख्या वाढत असताना तो तसाच ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आजार मुळात कसा, हे थोडक्यात. हाडांच्या आतल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम. त्यांतली एक बिघडते, स्वतःच्या प्रती काढत सुटते आणि एकाच निरुपयोगी प्रथिनाचा रक्तात पूर आणते. हाडं पोखरली जातात, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडं तुंबतात. अभिनेत्री आणि तेव्हाच्या खासदार किरण खेर यांचा हात नोव्हेंबर २०२० मध्ये चंदीगडच्या घरी मोडला. त्यानंतरच्या तपासण्यांत मायलोमा सापडला आणि एप्रिल २०२१ मध्ये ती बातमी जाहीर झाली. अभिनेत्री लिसा रे यांना २००९ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी हे निदान ऐकावं लागलं. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः सत्तरीच्या आसपासचा आजार. आपल्याकडे रुग्णालयात येणारे अनेक जण पन्नाशी-साठीतले असतात, म्हणजे घर अजून त्यांच्या कमाईवर चाललेलं असतं.

निदानाआधीचा काळही बऱ्याचदा वाया जातो. पाठ दुखते, ‘मणक्याची झीज’ म्हणून शेक आणि पट्टा सुरू होतो, आणि दुखीच्या गोळ्या महिनोन्महिने पोटात जातात. डायक्लोफेनॅकसारख्या याच गोळ्या मायलोमात आधीच धापा टाकणाऱ्या मूत्रपिंडांना आणखी खाली ढकलतात. पन्नाशीपुढच्या माणसाची पाठदुखी हटत नसेल आणि सोबत हिमोग्लोबिन कमी असेल, तर क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्या तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहून द्यायलाच हव्यात.

उपचार इतके लांबले ही खरं तर आनंदाची गोष्ट आहे, आणि त्यामागे एका बाईचा हट्ट आहे. १९९०च्या दशकापर्यंत मायलोमाच्या रुग्णाला सरासरी तीनेक वर्षं मिळत. न्यूयॉर्कमधल्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाला हा आजार झाला आणि सगळे उपाय थकले, तेव्हा त्याच्या पत्नीने दिसेल त्या संशोधकाला फोन लावायला सुरुवात केली. बोस्टनमधले संशोधक जुडा फोकमन यांनी तिला थॅलिडोमाइड सुचवलं. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं म्हणून १९६१ मध्ये बाजारातून काढून घेतलेलं तेच हे औषध. आर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉक इथे बार्ट बार्लोगी यांच्या चमूने ते वापरून पाहिलं. त्या नवऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही, तो वारला. पण इतर रुग्णांना झाला. ८४ रुग्णांवरचा तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावर पहिलं नाव होतं चमूतल्या डॉ. सीमा सिंघल यांचं. २००३ मध्ये बोर्टेझोमिब आलं, पाठोपाठ लेनालिडोमाइड, २०१२ मध्ये कारफिलझोमिब, २०१५ मध्ये डाराटुमुमॅब. आज दहा वर्षं आणि त्यापुढेही जगणारे रुग्ण अनेक आहेत.

या जादा वर्षांतला किती वेळ खुर्चीत जातो, ते डाराटुमुमॅबच्या वेळापत्रकावरून कळतं. हे औषध एकट्याने किंवा लेनालिडोमाइडसोबत देताना पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, पुढचे सोळा आठवडे पंधरा दिवसांनी, त्यानंतर दर चार आठवड्यांनी द्यायचं असतं. पहिल्या वर्षात तेवीस वेळा, आणि त्यानंतर आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंत वर्षाला तेरा वेळा. शिरेतून द्यायचं असेल तर पहिल्या दिवसाला सात तासांच्या आसपास लागतात, कारण थंडी वाजणं, धाप लागणं, घसा आवळणं अशी प्रतिक्रिया पहिल्याच वेळी सर्वाधिक येते आणि नर्सला थेंबांचा वेग जपून वाढवावा लागतो. पुढच्या वेळांना साडेतीन तासांच्या आसपास.

हा झाला औषध अंगात जाण्याचा वेळ. दिवस मात्र पुरा जातो. समजा, सांगोल्याहून पुण्याला येणारा रुग्ण आहे. तो पहाटेची गाडी धरतो, सोबत मुलगा किंवा बायको. आधी रक्त द्यायचं, मग सीबीसीच्या रिपोर्टची वाट. प्लेटलेट पुरेशा असल्या तर डॉक्टरांचा नंबर, मग बिलिंगची खिडकी, मग फार्मसी, मग औषध मिसळून येईपर्यंतची वाट. प्लेटलेट कमी निघाल्या तर “पुढच्या आठवड्यात या”. शीर सापडायला दोन-तीन टोचण्या, कारण हातावरच्या शिरा आता सुईला कंटाळल्या आहेत. कारफिलझोमिबचं सलाइन अर्ध्या तासात संपतं. त्या अर्ध्या तासासाठी दोन माणसांचा दिवस आणि एकाची रोजंदारी जाते. अर्जुन गुप्ता, एलिझाबेथ आयझेनहाउअर आणि ख्रिस्तोफर बूथ या कर्करोगतज्ज्ञांनी २०२२ मध्ये एका लेखात म्हटलं की उपचारापायी जाणारा वेळ हाही विषारी परिणामच धरावा, उलटी किंवा केस गळण्यासारखा मोजावा. डे-केअरमध्ये एक दिवस डबा घेऊन बसलेल्या कुणालाही हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

मोजायला लागलं की तो वेळ कमी करण्याचे मार्गही दिसतात, आणि काही तर आधीच हातात आहेत. २०२० पासून डाराटुमुमॅब पोटाच्या त्वचेखाली टोचता येतं. तीन ते पाच मिनिटांत इंजेक्शन पूर्ण. बोर्टेझोमिबही त्वचेखाली दिलं की हातापायांच्या मुंग्या आणि जळजळ कमी होते, असं २०११ मध्येच दिसलं होतं. हाडं जपण्यासाठी दर महिन्याला झोलेड्रोनिक आम्लाचं सलाइन द्यायची रीत आहे. १८०० हून अधिक रुग्णांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ते दर चार आठवड्यांऐवजी दर बारा आठवड्यांनी देऊनही हाडांच्या इजा वाढल्या नाहीत. त्या रुग्णांत मायलोमाचेही होते. वर्षाच्या बारा-तेरा फेऱ्यांच्या जागी चार. प्रत्येकाला हे लागू होईलच असं नाही, पण “माझ्या बाबतीत अंतर वाढवता येईल का?” हा प्रश्न रुग्णाने विचारावा आणि डॉक्टरांनी तो आगाऊपणा समजू नये. आपल्याकडे अजूनही मोठ्या डॉक्टरांसमोर फाइल पुढे सरकवून मान खाली घालून बसणारी माणसंच जास्त. आणि कधी थांबता येईल, याचाही शोध सुरू आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘पर्सियस’ अभ्यासात आजाराचा मागमूस सलग न दिसलेल्या रुग्णांचं डाराटुमुमॅब किमान दोन वर्षांनंतर थांबवण्याची मुभा होती. डाराटुमुमॅबसह देखभालीच्या टप्प्यावर पोहोचलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना ते थांबवता आलं. लेनालिडोमाइड तेवढं चालू राहिलं.

खुर्चीबाहेरही हा उपचार रुग्णाच्या मागे येतो. डाराटुमुमॅब लाल पेशींनाही थोडं चिकटतं, त्यामुळे रक्तपेढीतल्या क्रॉसमॅचिंगच्या चाचण्या चकतात, तेही शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत. रक्तगट बदललेला नसतो, पण रात्री अपघात झाला आणि अनोळखी रुग्णालयात रक्त चढवायची वेळ आली तर हा गोंधळ महागात पडतो. म्हणून पहिल्या डोसआधी रक्ताची सविस्तर तपासणी करून तसं कार्ड खिशात ठेवावं लागतं. झोलेड्रोनिक आम्ल सुरू करण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन यावं लागतं, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड निर्जीव होण्याचा धोका असतो. नागीण उठू नये म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी रोज. या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत, आणि त्या पहिल्याच दिवशी मराठीत, कागदावर लिहून द्यायला रुग्णालयाला काहीच अडचण नसावी.

संसर्गाची धास्ती हा यातला सर्वांत एकटं पाडणारा भाग. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी कोविडची लस घेतली होती, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये ते गेले. त्यांना मायलोमा होता. ज्या पेशींनी प्रतिपिंडं बनवायची त्यांचाच हा आजार, आणि औषधंही त्यांच्यावरच चालून जातात. त्यामुळे गणपतीत घरी येणारी गर्दी, बारसं, मयताला जाणं या प्रत्येक ठिकाणी मन मारावं लागतं. ‘बघायला’ येणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करणारी सून किंवा बायको मग वाईट ठरते. रात्री ताप शंभराच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता निघायचं असतं, त्यामुळे कायम भरून ठेवलेली एक पिशवी दाराशी असते.

आता पैसा. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड भारतीय कंपन्या बनवतात, म्हणून ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. डाराटुमुमॅबवरचं सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात माफ झालं. पण विम्याचं घोडं अडतंच. विमा नियामकाने २०१९ मध्ये तोंडावाटे केमोथेरपी आणि डाराटुमुमॅबसारख्या मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं पॉलिसीबाहेर ठेवू नयेत असं सांगितलं, तरी अनेक पॉलिसींनी त्यांच्यावर वेगळी, तुटपुंजी मर्यादा घातली आहे. दहा लाखांचा विमा म्हणून हप्ते भरलेल्या माणसाला अँटिबॉडीसाठी त्याचा लहानसा तुकडाच मिळतो, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या बिलाला कळतं. एकदाच्या शस्त्रक्रियेसाठी अशी मर्यादा कदाचित समजून घेता येईल. वर्षाला तेरा वेळा लागणाऱ्या औषधासाठी ती म्हणजे उपचार मध्येच सोडायला सांगणं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्यातली कर्करोगाची पॅकेजेस वर्षानुवर्षं चालणाऱ्या उपचाराला धरून आखायला हवीत.

आणि अंतर. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी बाहेरगावची माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अंथरूण टाकतात. त्या धर्मशाळेचे उपकार मोठे, पण तीन मिनिटांच्या इंजेक्शनसाठी कुणाला धर्मशाळा लागू नये. तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोग डे-केअर केंद्र, असं २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने जाहीर केलं आहे. महाराष्ट्राला हे नवं नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच सुरू झाली. जिल्ह्याच्या केंद्रात फक्त खुर्च्या मांडून भागणार नाही. औषध निर्जंतुक जागी मिसळणारा माणूस, प्रतिक्रिया आली तर सांभाळणारी शिकलेली नर्स आणि मोठ्या शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञाला लागणारा फोन, एवढं तरी हवं. पहिले अवघड डोस मुंबई-पुण्याला द्यावेत, पुढचे शंभर जिल्ह्याला.

केंद्रं होतील तेव्हा होतील. आजची रुग्णालयं एक गोष्ट याच महिन्यात करू शकतात. रक्त आदल्या दिवशी गावच्या लॅबमध्ये द्यायचं, रिपोर्ट मोबाइलवर मागवायचा, औषध द्यायचं की नाही ते संध्याकाळीच कळवायचं, आणि सकाळी नऊला रुग्ण खुर्चीत बसेल तेव्हा त्याच्या नावाचं औषध तयार ठेवायचं. मग सांगोल्याच्या त्या माणसाला दुपारची एसटी मिळेल, आणि मुलाची दुसऱ्या दिवसाची रोजंदारी बुडणार नाही.