रंग घरचा, प्रतिपिंड परदेशचे

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत गेली सहा दशके रंग आणि रंगांना लागणारी रसायने तयार होत आली आहेत. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत झालेल्या भीषण स्फोटांनंतर धोकादायक कारखाने येथून हलवावेत, ही नागरिकांची मागणी रास्तच ठरली. परंतु त्यांच्या जागी काय यावे, याचा विचार फारसा झालेला नाही. गोदामे येतील, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही. भिवंडी शेजारीच आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर एका इवल्याशा कुपीत सापडते. पेशीतील अनेक प्रथिनांना फॉस्फेटचा गट चिकटला की ती कार्यप्रवण होतात, तर काही निष्क्रिय होतात. कर्करोगात हीच कळ अनेकदा बिघडलेली असते. प्रथिनाचे केवळ फॉस्फेटयुक्त रूप ओळखणारे आणि अंगावर चमकता रंग वागवणारे प्रतिपिंड पेशीत सोडले की कळ चालू आहे की बंद, हे यंत्राला दिसते. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात किंवा पुण्याच्या पेशीविज्ञान संस्थेत ज्या प्रकारचे संशोधन चालते, त्याची ही नित्याची सामग्री. देशात ती बहुतांशी परदेशातून, थंड पेटीतून येते.

यात वैषम्य असे की, तिच्यातील कोणताही घटक ठाणे जिल्ह्याला परका नाही. फ्लुओरेसिन हा अशा रंगांचा मूळपुरुष. १८७१ मध्ये तो बनवणारे बायर हे रंगांचेच रसायनशास्त्रज्ञ होते. अंबरनाथला घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून औषधे बनतात. पेशी वाढवण्याची माध्यमे बनवणारी कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आहे. मग उणीव कशाची? उणीव आहे ती पडताळणीची. फॉस्फेट काढून टाकल्यावरही प्रतिपिंड चिकटत असेल तर ते निरुपयोगी. अनेक प्रतिपिंडे तपासून त्यांतील बहुतेक फेकून देण्याची तयारी, हाच या मालाचा खरा उत्पादनखर्च होय. ग्राहक किंमत देतो ती द्रवाची नव्हे, विश्वासाची.

सरकारी धोरणाला हे उमगले आहे काय? जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्क्यांवर नेण्यात आले. ओरड होताच काही दिवसांत ते स्वतःच्या वापराच्या अटीवर पुन्हा १० टक्के झाले. जकातीची भिंत उभारल्याने प्रतिपिंड तयार होत नाही. संशोधन तेवढे थांबते. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांचे खरेदीचे नियम सैल झाले, दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली, हे त्या मानाने शहाणपणाचे. तथापि त्याने आयात सुलभ होते, उत्पादन नव्हे. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही नसताना खासगी उद्योजकाने एकट्याने हा जुगार खेळावा, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात आणि सकाळच्या लोकलला लोंबकळू लागतात. कारखाने हलतील तेव्हा मोकळ्या होणाऱ्या भूखंडांपैकी काही तरी अशा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावेत. सामाईक प्राणिगृह व तपासणी यंत्रे औद्योगिक विकास महामंडळाने उभारावीत, आणि केंद्राच्या संशोधन संस्थांनी, पडताळणीत उतरलेला माल घेऊच, असा पाच वर्षांचा करार आधीच करावा. मात्र कसोटीला न उतरलेला माल केवळ स्वदेशी म्हणून त्यांच्या गळ्यात मारू नये.