रसभंग

कोणतीही कथा प्रथमच वाचण्याचा योग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. पुढे ती कथा तो दहा वेळा वाचील. तिच्या भाषेचे सौष्ठव, पात्रांचे स्वभाव, लेखकाने आरंभीच पेरून ठेवलेल्या खुणा यांचा आस्वाद अधिक डोळसपणे घेईल. परंतु ‘आता पुढे काय होणार?’ या प्रश्नाने होणारी मनाची तगमग त्याला पुन्हा लाभणार नाही. म्हणून ज्याने कथा अद्याप वाचलेली नाही त्याच्यापुढे तिचा शेवट सांगून टाकणे, ही गोष्ट दिसते तेवढी क्षुल्लक नाही. हल्ली यासाठी ‘स्पॉयलर’ हा इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी रुळला आहे. आपल्या भाषेत ‘रसभंग’ हा जुना आणि अधिक अर्थपूर्ण शब्द असताना मला तोच वापरावासा वाटतो.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथील ग्रंथालयात एका रहस्यकादंबरीची एकच प्रत होती, आणि ती वाचू इच्छिणारी मुले होती एकतीस. मी नावांची यादी करून कपाटाच्या दारावर लावली व प्रत्येकास चार दिवसांची मुदत दिली. पाचव्या मुलाकडून पुस्तक परत आले, तेव्हा आरंभीच्या कोऱ्या पानावर कोणी तरी शिसपेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले आढळले. मी ते खोडरबराने पुसले. पण पेन्सिल दाबून चालविलेली असल्यामुळे अक्षरांचे वळ कागदावर तसेच राहिले. त्यावर कागद चिकटविला, तर एक विद्यार्थी ते पान उजेडाकडे धरून वाचू लागला! (इतक्या चिकाटीने त्याने कधी व्याकरण वाचले असते तर, असे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.) अखेर ते पानच कापून काढावे लागले.

लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपण होऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी रागावण्याच्या तयारीत होतो. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, पुस्तक वाचून झाल्यावर मला कोणाशी तरी बोलायचं होतं. पण बाकीच्या मुलांचं वाचून व्हायचं होतं. मग राहवलं नाही.”

त्या उत्तराने माझा राग ओसरला, आणि प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या ध्यानात आली. ज्याने वाचले नाही त्याला रस अभंग राखण्याचा जसा अधिकार आहे, तसाच ज्याने वाचले आहे त्याला मनमोकळेपणाने बोलण्याचाही अधिकार आहे. उत्तम पुस्तक वाचून गप्प बसणे कठीण असते. साऱ्या वाचकांनी तोंडास कुलूप लावावे, असे म्हणणारा मनुष्य साहित्याचा मित्र नव्हे.

काही लोक मात्र मुळातच शंका घेतात. ते म्हणतात, “शेवट कळल्याने गोडी जाते हे खरेच नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येक श्रोत्यास सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असते. तरी बुवांनी आख्यान रंगविले की सारी सभा श्वास रोखून ऐकते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराचे काय होते हे ठाऊक असूनही प्रेक्षक ते पुन्हा पाहतातच.” हे म्हणणे खोटे नाही. इतकेच नव्हे, तर २०११ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना लघुकथा देऊन प्रयोग केला, तेव्हा ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांनाच कथा किंचित अधिक आवडल्या, असे त्यांस आढळले. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाचा निष्कर्ष नेमका याच्या उलट निघाला.

परंतु हा वाद अशा प्रयोगांनी सुटण्यासारखा आहे, असे मला वाटत नाही. आनंद किती कमी होतो हा प्रश्न गौण आहे. निवड कोणाची, हा खरा प्रश्न आहे. काही वाचक आधी शेवटचे पान उघडून पाहतात आणि मग निश्चिंत मनाने पहिल्या पानाकडे वळतात. त्यांना तसे खुशाल करू द्यावे. पण ज्याला वाट तुडवीत जायचे आहे, त्याला उचलून शिखरावर नेऊन ठेवण्याचा अधिकार दुसऱ्याला कोणी दिला? शिवाय, ज्याला शेवट सांगितला गेला नाही तो पुढे केव्हाही तो विचारून घेऊ शकतो. ज्याला सांगितला गेला, त्याला तो विसरण्याची सोय नाही.

कलावंतांनी ही काळजी फार पूर्वीपासून घेतलेली दिसते. आगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले. २०२० साली महामारीमुळे ते बंद ठेवावे लागले, पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले. प्रयोग संपल्यावर एक नट पुढे येऊन, हे रहस्य आपल्याजवळच ठेवावे, अशी प्रेक्षकांस विनंती करतो, आणि बहुसंख्य प्रेक्षक ती पाळतात. १९५५ सालच्या ‘ले दियाबोलिक’ या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर अशाच अर्थाची सूचना झळकत असे. हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’च्या वेळी तर खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा नियमच चित्रगृहांस घालून दिला होता.

‘माउसट्रॅप’विषयी २०१० साली एक वाद उद्भवला, तो विचार करण्याजोगा आहे. ‘विकिपीडिया’ या ज्ञानकोशाने नाटकाच्या नोंदीत खुन्याचे नाव दिले होते. लेखिकेच्या कुटुंबीयांनी नापसंती व्यक्त केली. ज्ञानकोशाने नोंद बदलली नाही. या प्रकरणी माझे मत ज्ञानकोशाच्या बाजूचे आहे. ज्ञानकोशाचे कामच मुळी सर्व काही सांगणे हे आहे, आणि तो उघडणारा स्वतःच्या पायांनी तेथे गेलेला असतो. समीक्षकाचेही तसेच. शेवटाविषयी बोलल्यावाचून शोकांतिकेची समीक्षा होणार कशी? त्याने लेखाच्या आरंभी तशी सूचना द्यावी, आणि पुढे निःशंकपणे लिहावे. मात्र लेखाच्या मथळ्यातच शेवट छापणे हा अन्याय होय; कारण लेख न वाचण्याचे स्वातंत्र्य वाचकाला असते, मथळा न पाहण्याचे नसते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अनाहूतपणे येऊन पडणाऱ्या संदेशांची गणना मी मथळ्यातच करतो. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला व दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी. मधली पावणेदोन वर्षे ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न देशभर आबालवृद्धांच्या तोंडी होता. इतके दिवस जपलेल्या कुतूहलाचे उत्तर कोणी पहिल्याच दिवशी सकाळी चार ओळींत धाडून द्यावे आणि वर हसण्याची चित्रे जोडावीत, याला विनोद म्हणणे मला जड जाते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. “मी काही सांगत नाही हं, पण शेवटच्या प्रकरणात असा धक्का आहे!” असे म्हणणाऱ्यास आपण मौन पाळले असे वाटते. वस्तुतः तो अर्धे रहस्य फोडून मोकळा झालेला असतो. या अपराधात मीही निर्दोष नाही. वर्गात कथा वाचून दाखविताना अखेरचा परिच्छेद जवळ आला की माझा आवाज आपोआप खाली येई, आणि मुले सावध होत.

मग मौन किती दिवस पाळावे? महाभारताचा शेवट सांगितला म्हणून कोणी रुसू नये. पण केवळ ग्रंथाचे वय पाहणेही पुरेसे नाही. शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी बारा वर्षांच्या मुलाला आजच नवी असते. माझ्या मते, काळाइतकेच समोर कोण आहे याकडे पाहावे आणि त्याला एक वाक्य विचारून घ्यावे. उलट, ज्याला संधी मिळूनही ज्याने पुस्तक हाती घेतले नाही, त्याने साऱ्या जगाचे तोंड कायमचे बांधून ठेवण्याचा हट्ट धरू नये.

आमच्या शाळेपुरता मी एक तोडगा काढला. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचे झाड होते. शनिवारी मधल्या सुट्टीत ज्यांचे वाचून झाले त्यांनी त्या झाडाखाली बसून मनसोक्त बोलावे. ज्यांचे व्हायचे असेल त्यांनी तिकडे फिरकू नये. यादी संपली की हे बंधन संपले. ज्याने आपली पाळी दोनदा सोडली त्याचे नाव यादीतून कमी होई, व मग त्याच्यासाठी कोणी थांबत नसे. पाळी सोडलेल्या दोघांनी माझ्याकडे तक्रार आणली, ती मी ऐकून घेतली नाही.

पहिल्या शनिवारी झाडाखाली पाच मुले होती. पानावर नाव लिहिणारा मुलगा त्यांत होता, आणि सर्वांत जास्त तोच बोलत होता. यादीतील शेवटचा मुलगा सावकाश वाचणारा होता. त्याला चारांऐवजी नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस बाकीच्यांनी कसे काढले कोणास ठाऊक, पण एकाच्याही तोंडून ते नाव बाहेर पडले नाही. दहाव्या दिवशी शनिवार नव्हता. तरीही मधल्या सुट्टीची घंटा होताच तो धावत झाडाकडे गेला, आणि त्याच्यामागून मैदानावरची बाकी सारी मुले धावली.