सहस्रकुंड : मार्चनंतर



१९८७ साली मी उमरखेड तालुक्यातील एका बँकशाखेत होतो. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा तेथून फार दूर नव्हता. सौभाग्यवतीने एकदा पाहून येऊ म्हटले, तेव्हा मी उत्तर दिले, ‘‘मार्चनंतर जाऊ.’’ या उत्तराचा अर्थ व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावा लागत नाही. पुढे बदली झाली, मुलांच्या शाळा आल्या आणि तीसहून अधिक मार्च उलटले.

यंदा चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात, नातवाला बरोबर घेऊन निघालो. यवतमाळहून आर्णी, महागाव, उमरखेड हा राष्ट्रीय महामार्ग. पुढे ढाणकी, बिटरगावकडे वळले की सागाचे रान लागते. हा पैनगंगा अभयारण्याचा परिसर. मग झाडी विरळ होते, काळ्या दगडांचा माळ उघडा पडतो आणि मुरली गावाजवळ पाणी दिसण्याआधी ऐकू येते. समोरचा काठ नांदेड जिल्ह्याचा.

पावसाळ्यातच जा, असे सारे सांगतात. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्यातून विसर्ग वाढला की येथे गढूळ पाण्याची जणू एकच भिंत कोसळते. ते दृश्य भव्य असणारच. परंतु पाणी ओसरल्यावर काळा बसाल्ट वर येतो आणि त्याच्या खाचाखाचांतून धारा निरनिराळ्या होऊन उतरतात. सहस्रकुंड हे नाव मला तेथे पटले. (शेवाळलेल्या खडकांवर छायाचित्रासाठी उतरू नये. नातवाला मला दोनदा हाक मारून परत बोलवावे लागले.)

गुडघ्यांमुळे सौभाग्यवतीला काठापर्यंत जाता येईना. त्या काळी ती माझ्यापुढे धावत गेली असती. ही थकबाकी माझ्या नावावर आहे आणि तिला एकरकमी तडजोडीची सोय नाही. ती वरच माळावर गवतात बसली. मी खाली जाऊन आलो व कुठली धार कशी पडते हे सांगू लागलो. ती म्हणाली, ‘‘दिसतंय मला येथून. तुम्ही बसा आधी.’’

बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. दिवस लहान, म्हणून साडेचारलाच खाकऱ्यांचा डबा व उकळलेल्या पाण्याची बाटली उघडली. सूर्य सागांच्या शेंड्यांवर आला होता. खाकरा माझ्या हातावर ठेवीत ती म्हणाली, ‘‘अहो, झालं का एकदाचं तुमचं मार्च-एंडिंग?’’