सनस्क्रीनचा फवारा: डबा वाचा, मग पैसे काढा



मार्च लागला की मानवतच्या बाजारात जनरल स्टोअरच्या काउंटरवर उन्हाळ्याचा माल मांडला जातो. टोप्या, गॉगल, गुलाबपाणी, घामोळ्याची पावडर. अलीकडे त्यात सनस्क्रीनच्या फवाऱ्याचा डबा आला आहे. बटण दाबले की धुरासारखा बारीक फवारा उडतो, चिकटत नाही, पांढरा थर दिसत नाही. मोबाईलवर त्याची जाहिरात दिवसाला दहा वेळा दिसते. 14 एप्रिलच्या रॅलीत ऊन लागू नये म्हणून वस्तीतल्या मुली पैसे जमवून हा डबा घेतात. "ताई, ह्यानं काळं पडत नाही म्हणं," हे वाक्य आम्ही इतक्या जणींकडून ऐकले, की शेवटी त्यांचेच डबे मागून घेतले आणि बारीक अक्षर मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठे करून वाचले.

आमचे मत आधीच सांगतो. सनस्क्रीन ही काही थोतांड वस्तू नाही. काही माणसांना ती खरोखर लागते. पण गॅसवर चालणारा फवारा ही आपल्या एका खोलीच्या घरासाठी सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत गैरसोयीची सनस्क्रीन आहे. आणि ज्या कारणासाठी आपल्या मुली तो घेतात, ते कारण तर डब्यात नाहीच.

डब्यात काय असते ते बघू. फवारा बाहेर ढकलण्यासाठी दाबाखाली वायू भरलेला असतो. घटकांच्या यादीत ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन अशी नावे दिसतील. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः हेच वायू असतात. त्याच्या जोडीला बहुतेक फवाऱ्यांत अल्कोहोल असते, ते अंगावर पटकन वाळावे म्हणून. म्हणजे शंभर मिलीचा डबा घेतला तरी उन्हाला अडवणारे औषध त्यातला थोडाच भाग असते. बाकीचे हवेत उडून जाते. आणि हे दोन्ही पेट घेणारे.

आता आपले घर डोळ्यांपुढे आणा. एकाच खोलीत गॅसची शेगडी, बाजूला देव्हाऱ्याच्या जागी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती. तिथेच आरसा, तिथेच तयारी. अमेरिकेत फवारा मारल्यावर अंग ओले असतानाच शेगडीसारख्या ज्वाळेजवळ गेलेली माणसे भाजली, आणि तिथे 2012 मध्ये बनाना बोट या नावाचे काही फवारे बाजारातून परत मागवले गेले. तिथे हे उघड्या अंगणात घडले. आपल्याकडे खिडकीसुद्धा एकच असते. डब्यावर आणखी एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही: 50 अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याखाली किती तापते हे पत्र्याखाली झोपणाऱ्याला सांगायला नको. पत्र्याला लागून असलेल्या फळीवर हा डबा ठेवू नका. रिकामा झाला तरी चुलीत, शेकोटीत टाकू नका. पोरांच्या हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट श्वासाची. कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाला वाऱ्याची दिशा बघावी लागते, हे मानवतमध्ये कोणाला शिकवायची गरज नाही. 2017 मध्ये यवतमाळला कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. सनस्क्रीन हे कीटकनाशक नव्हे, तुलना तेवढी ताणू नका. पण फवारा हा फवाराच असतो. तो त्वचेवर जातो तसा नाकातोंडातही जातो. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही उन्हाला अडवणारी खनिजे कातडीवर लावायला चांगलीच समजली जातात. पण टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून आत गेली तर कर्करोगाला कारण ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवले आहे. या खनिजांचे अतिबारीक कण फुप्फुसात जातील अशा फवाऱ्यात वापरू नयेत, असे युरोपच्या वैज्ञानिक समितीचे मत आहे. म्हणून दम्याचा माणूस, गरोदर बाई आणि लहान लेकरू यांच्या आसपास हा फवारा मारू नये. घ्यायचाच असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून हातावर घ्यावा आणि हाताने तोंडाला चोळावा. थेट तोंडावर कधीच नाही. गॅस नसलेला, पंप दाबून उडणारा फवाराही मिळतो. त्यात वायू नसतो, पण अल्कोहोल असू शकते आणि श्वासाची काळजी तीच.

तिसरी गोष्ट यादीत न दिसणारी. 2021 मध्ये अमेरिकेत एका प्रयोगशाळेने बाजारातली सनस्क्रीन तपासली तेव्हा काहींत बेन्झीन सापडले. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. त्यानंतर जॉन्सन अँड जॉन्सनने न्यूट्रोजिना आणि अवीनो या नावांचे काही फवारे परत मागवले. बेन्झीन हा कंपनीने मुद्दाम घातलेला घटक नव्हता, म्हणून तो डब्यावर लिहिलेला नव्हता. आपण कितीही बारीक वाचले तरी असे काही कळणार नाही. ते काम तपासणी यंत्रणेचे आहे. आपल्याकडे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली सनस्क्रीनची गणना सौंदर्यप्रसाधनात होते, औषधात नाही. अमेरिकेत ती औषधात मोडते. हा फरक छोटा नाही.

आता दाव्यांकडे. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते विहारात आपण अनेकदा ऐकतो: परंपरेने आले म्हणून, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. जाहिरातीतल्या गोऱ्या पोरीलाही हाच नियम लावावा.

एसपीएफ 50 म्हणजे 30 च्या दुपटीला थोडे कमी, असे वाटते. तसे नाही. त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी 30 आकड्याची सनस्क्रीन सुमारे 97 टक्के अडवते आणि 50 आकड्याची सुमारे 98 टक्के. फरक एका टक्क्याचा, किमतीतला फरक त्याहून मोठा. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेत जाड थर लावून काढलेला असतो. तेवढा थर चेहरा आणि मान यांना एक चमचाभर, आणि प्रत्येक हाताला एकेक चमचा लावल्यावर पडतो. फवाऱ्याने आपण किती लावले हे कळतच नाही. वारा निम्मे घेऊन जातो, अंगावर ठिपके पडतात, आणि मुलगी समजते की आपण झाकले गेलो. किरणांचा दुसरा प्रकार, जो त्वचा काळवंडवतो आणि सुरकुत्या आणतो, त्याचा हिशेब एसपीएफमध्ये नाही. त्यासाठी पीए हे अक्षर आणि पुढे अधिकची चिन्हे बघावी लागतात. तीन किंवा चार हवीत.

आकड्यावर कंपन्यांचाही एकमेकींवर विश्वास नाही. ऑनलाइन खपणाऱ्या काही सनस्क्रीनवर 50 लिहिलेले असते पण चाचणीत 20 निघते, अशा अर्थाची लॅक्मेची जाहिरात 2025 मध्ये आली. होनासा कंपनीने त्यावर आक्षेप घेतला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहिरातीत बदल करण्याचे कबूल केले. त्यांचे ते बघतील.

'घामाने निघत नाही' हा दावाही तसाच. अमेरिकेने 2011 च्या नियमात 'वॉटरप्रूफ' आणि 'घामप्रूफ' हे शब्द सनस्क्रीनवर लिहायला बंदी घातली. पाण्यात 40 किंवा 80 मिनिटे टिकते, एवढेच लिहिता येते. दर दोन तासांनी पुन्हा लावावेच लागते.

मग हिशेब मांडा. शेतात किंवा बांधकामावर दहा ते पाच काम करणारी बाई चेहरा, मान आणि दोन्ही हातांना लावणार असेल तर एका वेळी तीन चमचे, म्हणजे 15 मिली. दिवसात चार वेळा, म्हणजे 60 मिली. शंभर मिलीची बाटली दोन दिवसही पुरत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये ठरली. कोणती बाई ही बाटली घेणार? साडीवर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्याला रुमाल बांधून कापूस वेचणारी आपली आई विज्ञानाच्या बाजूनेच आहे. दाट विणीचे कापड पुसले जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही.

आणि 'काळं पडत नाही' याचे काय? आपल्या कातडीतला काळा रंग, मेलॅनिन, हाच उन्हाविरुद्धचा आपला पहिला बचाव आहे. तो डाग नाही. गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या कंपनीने 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'मधला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. शब्द बदलला, दुकानातली मागणी तीच राहिली. रंगावरून माणसाची किंमत करण्याची सवय जातीच्या घरातच वाढली आहे. तिच्यासाठी आपल्या लेकींनी वर्गणी काढावी, याचे आम्हाला डब्यातल्या गॅसपेक्षा जास्त वाईट वाटते. त्याच काउंटरवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडच्या ट्यूबही मिळतात, त्यावर पुढच्या अंकात लिहू.

सनस्क्रीन कोणाला खरोखर हवी? जन्मापासूनच अंगाला रंग नसलेल्यांना. कोड असलेल्यांना, त्या पांढऱ्या जागी. चेहऱ्यावर वांग असलेल्या बायांना. ल्युपसच्या रुग्णांना. डॉक्सिसायक्लिनसारखी, उन्हात त्वचा भाजू देणारी गोळी चालू असलेल्यांना. या सर्वांनी त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवून लोशन किंवा क्रीम घ्यावी, फवारा नको. घेताना डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची पूर्ण यादी आहे का ते बघावे. एकही गोष्ट नसेल तर परत ठेवावे. पावती घ्यावी. फसवल्यासारखे वाटले तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

राहिला प्रश्न उन्हाच्या तडाख्याचा. कोणतीही सनस्क्रीन उष्माघात टाळत नाही. ती किरण अडवते, उष्णता नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी 14 जण दगावले. त्यांना सावली, पाणी आणि सकाळची किंवा संध्याकाळची वेळ हवी होती. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांची वेळ ठरवणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावे. सभा दुपारी बारानंतर नको, आणि रॅलीच्या वाटेवर पाण्याचे ड्रम व ओआरएस ठेवावे.

रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, लेकरांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली, आणि प्रथमोपचार पेटी देणे कायद्याने बंधनकारक आहे. मानवत तालुक्यात ज्या कामावर सावलीचे छत नसेल, तिथल्या बायांनी एकत्र येऊन ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा, त्यावर जॉबकार्ड क्रमांक लिहावेत आणि तारखेचा शिक्का असलेली पोच मागून घ्यावी. अर्ज लिहायला मदत लागली तर रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो.