जुन्या जीपची काच आणि रबर
ढाणकीच्या गॅरेजवाल्या बांधवांना एक सांगणे आहे. जुन्या जीपची पुढची काच फुटली की गिऱ्हाईक म्हणते, "रबर तेच राहू द्या, मिस्त्री." आपणही ऐकतो. हे चूक आहे. कडक झालेले रबर काच धरत नाही. पावसाळ्यात पाणी उतरते, फ्रेम गंजते आणि नाव कारागिराचे खराब होते. गंज घासून, रंग देऊन मगच नवे रबर बसवावे. खाचेत दोरी घालून साबणाच्या पाण्याने ते चढते, हातोडी कशाला?

काचही खिडकीची साधी नको. ती फुटली की सुरीसारखे तुकडे ड्रायव्हरच्या तोंडावर येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 सेफ्टी ग्लासच मागतो. जीपची काच सपाट, म्हणून लॅमिनेटेड शीटमधून कापून मिळते. गिऱ्हाईक पैशांवर अडलेच, तर मजुरीत थोडे सोडा, रबरात नको.