पेठेत राहणाऱ्यांचे पुणे

पुण्याच्या जुन्या पेठांचे काय करायचे, हा विषय निघाला की दोन पक्ष हमखास समोर येतात. पहिला म्हणतो, वाडे मोडकळीला आले आहेत, दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक म्हणून नोटिसा चिकटवते, तेव्हा पाडा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, हा आपला वारसा आहे; दर्शनी भाग रंगवा, फरसबंदी करा, दिवे सोडा, पर्यटक आणा. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण चुकतात एकाच जागी. पेठेत माणसे राहतात आणि राबतात, हे दोघांच्याही हिशेबात नाही.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी घेऊ, कारण त्यात तथ्य जास्त आहे. सामाईक संडास, अंधारा जिना, गळकी कौले यांत जन्म काढलेल्या बाईला कोरीव खांबांचे कौतुक ऐकवण्याचा अधिकार फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही नाही. पण या दैन्याचे खापर जुन्या लाकडावर फोडणे खोटे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या भाड्यात मालकाला कौले शाकारणे परवडेना, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू हात आखडू लागला. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठा खचवल्या, त्यातून अनेक वाडे सावरलेच नाहीत. याउलट दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पाहा. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली. १८७९ च्या आगीत होरपळूनही वाडा पुन्हा उभा राहिला, कारण तो कोणाच्या तरी रोजच्या कामाचा होता.

शिवाय पाडून उभे काय राहते, तेही बघायला हवे. कसब्यातल्या तांबट आळीत जा. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. तांब्याचा पत्रा भट्टीत तापवून मऊ करायचा, ठोकून त्याला आकार द्यायचा, चिंचेने घासून लख्ख करायचा आणि मग मठारायचा. भांडे फिरवत गुळगुळीत हातोडीचा एकेक ठोका एकमेकाला खेटून द्यायचा. भांड्याला त्याने शोभा येते, पण खरे म्हणजे प्रत्येक ठोक्यासरशी पत्रा घट्ट होत जातो. हे काम तळमजल्यावरच चालते, दार रस्त्याकडे उघडे ठेवून. बिऱ्हाड वर किंवा मागे. वाडा पडून इमारत आली की तळमजला जातो गाड्यांना. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भट्टी पेटत नाही आणि ठोक्यांचा आवाज कोणी शेजारी ऐकून घेत नाही. बिल्डर कारागिराला हाकलत नाही. नकाशात त्याला जागाच ठेवत नाही.

‘कारागिरांच्या पोरांनाच हा धंदा नको आहे,’ असे यावर ऐकवले जाते. काहींना नको असेल, आणि त्यांनी तो सोडावा. पण गिझर आल्यावर पाणी तापवायच्या बंबाचे गिऱ्हाईक गेले, तरी याच आळीतल्या हातांनी दिवे, ताटल्या, पाण्याची भांडी घडवून नवे गिऱ्हाईक मिळवले आहे. ज्यांना टिकायचे आहे त्यांच्या पायाखालची जागा काढून घ्यायची आणि वर धंदा मेला म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता दुसरा पक्ष. याला शनिवारवाड्याचा भारी अभिमान. १७३० मध्ये पाया घातलेल्या त्या वाड्याचे १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. ती जपलीच पाहिजेत. पण २०१० च्या कायदेदुरुस्तीने अशा संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम आणि पुनर्बांधणी बंद केली. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस लागते. भिंत फुगलेल्या कुटुंबाने तिथवर कसे पोचायचे? रिकाम्या जोत्यांच्या रक्षणासाठी नांदती घरे कुजू द्यायची, याला मी वारसा जपणे म्हणणार नाही.

संस्कृतीचेही तसेच. भारत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी कॉलेजची पोरे सदाशिव पेठ दणाणून सोडतात. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला टिळक स्मारक मंदिरात भरते. पेठेची चालती-बोलती संस्कृती ही, पण सुशोभीकरणाच्या आराखड्यात तिला स्थान नाही. सवाई गंधर्व संगीत महोत्सव मात्र २०१८ मध्ये पेठेतल्या रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. पेठेतून एवढे मोठे काही उठून जाते, तेव्हा रस्त्यावर दगडी फरशी बसवून ते भरून निघत नाही.

मग करायचे काय? वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला एफएसआय, म्हणजे उरलेला बांधकामाचा हक्क, टीडीआर (हस्तांतरणीय विकासहक्क) म्हणून विकता येण्याची तरतूद नियमांत आहे. त्या पैशातला ठरावीक वाटा त्याच वाड्याच्या दुरुस्तीवर खर्च झाला पाहिजे, आणि भाडेकरूच्या घरात संडास-न्हाणीघर आले पाहिजे, अशी सक्तीची अट घाला. शंभर मीटरांतल्या साध्या दुरुस्तीची परवानगी इथेच, ठरलेल्या मुदतीत द्या. कारागिरांच्या आळ्यांत तळमजल्यावर पार्किंगची सक्ती उठवा, तिथे कारखाना राखून ठेवा. गाड्या कुठे लावायच्या, हा प्रश्न आता तितका बिनतोड राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठेत आणि मंडईत थांबते. एवढा खर्च करून आणलेली गाडी दाराशी असताना प्रत्येक नव्या इमारतीचा तळमजला मोटारींना का द्यायचा?

आणि पुढच्या पावसाळ्याआधी धोक्याची नोटीस चिकटवायला जो अभियंता येईल, त्याच्या हातात त्या वाड्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि परवानगीचा अर्जही असला पाहिजे.