चेहरा खेळाडूचा, तिजोरी संस्थेची

सन 2008 मधील गोष्ट. अमेरिकेत एक गृहस्थ आपल्या मित्राच्या घरी गेले असता मित्राच्या मुलाने त्यांना सांगितले की, तुम्ही माझ्या व्हिडिओ गेममध्ये आहात. त्याने गेम सुरू केला. पडद्यावर यूसीएलए या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ धावत होता आणि त्यात तीच अंगकाठी, तेच टक्कल, तोच डावा हात आणि पाठीवर तोच 31 क्रमांक घेतलेला एक खेळाडू होता. नाव तेवढे नव्हते. त्या गृहस्थांना कोणी कधी विचारले नव्हते आणि एक सेंटही दिला नव्हता.

एड ओबॅनन हे नाव आपल्याकडील वाचकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. 1995 साली याच विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू. अंतिम सामन्यात त्यांनी एकट्याने 30 गुण मिळविले होते. पुढे व्यावसायिक लीगमध्ये त्यांचे बस्तान फारसे बसले नाही आणि हा प्रसंग घडला त्या सुमारास ते लास वेगास परिसरात मोटारी विकण्याचे काम करीत होते. म्हणजे विद्यापीठाने त्यांना मोठे केले, त्यांनी विद्यापीठाला मोठे केले, पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. पण त्यांची प्रतिमा मात्र मागेच राहिली आणि ती बाजारात खपत राहिली. 2009 च्या जुलैत त्यांनी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए या संस्थेला न्यायालयात खेचले. त्याच्या दोनच महिने आधी सॅम केलर या फुटबॉलपटूनेही तसाच दावा गुदरला होता.

केलरच्या खटल्यातील तपशील मोठा बोलका आहे. गेम तयार करणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी संघांचे साहित्य सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांकडे प्रश्नावल्या पाठवीत असे, जेणेकरून कोणता खेळाडू हेल्मेटला काच लावतो, कोण मनगटाला पट्टी बांधतो हेदेखील पडद्यावर हुबेहूब उतरावे. केलरचा जर्सी क्रमांक, उंची, वजन, वर्ण, केसांची ठेवण, गृहराज्य, इयत्ता सारे जुळत होते. फक्त नाव गाळलेले आणि गाव बदललेले! गेम विकत घेणारी मुले मग इतरांनी बनविलेली खऱ्या नावांची यादी त्यात भरीत आणि उरलेली तेवढी कसर भरून निघे. हा प्रकार आपल्या तरुणांनाही अपरिचित नाही. याच कंपनीच्या 2007 च्या क्रिकेट गेममध्ये ज्या संघांचा परवाना नव्हता, त्यांच्या खेळाडूंची नावे मोडतोड करून घातलेली होती, आणि पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत बसणारी मुले खरी नावे असलेल्या फायली शोधून त्या जागी बसवीत. नाव वगळले की माणूस वगळला गेला, असे त्या मुलांनाही कधी वाटले नाही. वाटले ते फक्त वकिलांना.

कंपनीचा बचाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. कादंबरीकार जसा खऱ्या माणसावरून पात्र रंगवितो, तसेच हे, असा युक्तिवाद झाला. 31 जुलै 2013 रोजी नवव्या विभागीय अपील न्यायालयाने तो बहुमताने फेटाळला. न्यायालयाने विचारले ते इतकेच की, कलावंताने मूळ माणसाला काही नवे रूप दिले आहे काय? येथे तर तो फुटबॉलपटू पडद्यावर फुटबॉलच खेळत होता आणि तोही आपल्याच मैदानसदृश मैदानात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिसऱ्या विभागीय न्यायालयाने रटगर्स विद्यापीठाच्या रायन हार्टच्या बाजूने असाच निर्णय दिला होता. कंपनीने पुढील वर्षीचा गेम रद्द केला. 2014 मध्ये कंपनी व परवाने देणारी संस्था यांनी मिळून 4 कोटी, तर एनसीएएने 2 कोटी डॉलर देऊन ही प्रकरणे मिटविली.

कंपनी व्यापारी आहे, तिने नफा पाहिला, यात नवल नाही. नवल आहे ते एनसीएएचे. या संस्थेचे म्हणणे असे की, हे विद्यार्थी आहेत, हौशी आहेत, त्यांच्या खेळाला द्रव्याचा स्पर्श होता कामा नये. ऐकावयास किती उदात्त! परंतु 2010 मध्ये याच संस्थेने बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क 14 वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरना विकले. तेथील अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी सेवक हा राज्यपाल नसून विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक असतो. द्रव्याचा स्पर्श सर्वांना चालतो. विटाळ होतो तो केवळ घाम गाळणाऱ्याला.

त्याग ही थोर गोष्ट आहे, याविषयी या स्तंभाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पण जे आपले आहे त्याचाच त्याग करता येतो. दुसऱ्याच्या वाट्याचे आपण घेऊन त्याला निःस्पृहतेचा उपदेश करणे, यास आपल्या भाषेत निराळा शब्द आहे.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द तरी कोठून आला? 1955 मध्ये कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा फुटबॉलपटू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली आणि दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूला नोकर मानले जाण्याचा हा धोका टाळण्यासाठीच एनसीएएने तो जोडशब्द घडविला आणि सर्वत्र रुजविला. हे आम्ही म्हणत नाही. संस्थेचे प्रदीर्घकाळ कार्यकारी प्रमुख राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर 1995 च्या आपल्या पुस्तकात ते नमूद केले आहे.

हौशीपणाचे हे सोवळे मुळात इंग्लंडच्या उमराव वर्गाचे. ज्यांना पोटाची भ्रांत नव्हती त्यांनी पैसे घेऊन खेळणाऱ्यांना वेगळ्या दाराने मैदानात यावयास लावले. इंग्लिश क्रिकेटमधील हा 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स' असा भेद 1962 च्या अखेरीस रद्द झाला. आपल्या जत्रेतील कुस्तीच्या फडात असे ढोंग नसते. पैलवान कुस्ती मारतो, गावकरी सर्वांसमक्ष इनाम देतात, आणि त्यामुळे त्याच्या लाल मातीवरील निष्ठेला बाध आला असे कोणी मानीत नाही.

दुसरी बाजू नाही असे नव्हे. शिष्यवृत्तीवर लाखो डॉलरचे शिक्षण मोफत मिळते, हे खरे आहे. फुटबॉलच्या उत्पन्नातून पोहणे, धावणे, कुस्ती यांसारखे न कमावणारे खेळ जगतात, हेही खरे. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचे व प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाल्यावर तेथे जी बोली लागू लागली, वर्षावर्षाला विद्यापीठे बदलणारे जे खेळाडू दिसू लागले, ते पाहून विद्यामंदिराची बाजार समिती झाली असे कोणास वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. आम्हांसही ते रुचत नाही. परंतु बाजार त्या मुलांनी मांडला नाही. तो मांडलेलाच होता. त्यांना केवळ दुकानात मालासारखे ठेवले होते.

तथापि न्याय मिळाला तोही पावलापावलाने. ऑगस्ट 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ओबॅनन यांच्या बाजूने कौल देत खेळाडूंसाठी वर्षाला 5,000 डॉलरपर्यंतची रक्कम राखून ठेवण्यास वाव दिला. पुढील वर्षी अपिलात नियमभंग कायम राहिला, पण ती रक्कम गेली. 2021 च्या जूनमध्ये शैक्षणिक लाभांवरील मर्यादांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने एनसीएएच्या विरुद्ध निर्णय दिला. आणि 6 जून 2025 रोजी त्याच विल्कनबाईंनी सुमारे 280 कोटी डॉलरच्या थकबाकीच्या तडजोडीस मान्यता दिली; शिवाय 2025-26 पासून विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली.

दरम्यान 19 जुलै 2024 रोजी फुटबॉलचा गेम अकरा वर्षांनी परतला. 134 संघ आणि दहा हजारांहून अधिक खेळाडू, या वेळी खऱ्या नावांनिशी. प्रत्येकाला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. ज्याला नको असेल त्याच्या जागी काल्पनिक खेळाडू. पहिल्या आठवड्यातच सुमारे 50 लाख लोकांनी तो खेळला. त्या उलाढालीच्या मानाने 600 डॉलर म्हणजे दक्षिणाच. पुढील वर्षी ती 1,500 डॉलर झाली. पण आर्च मॅनिंग या नामांकित खेळाडूने आरंभी संमतीच दिली नाही, नंतर स्वतःच्या वेळी दिली. केलर आणि ओबॅनन यांना हा 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नव्हता. रकमेहून मोठा फरक हा आहे.

आपल्याकडे याविषयी अजून धूसरताच आहे. 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीचाच असतो, स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेचा नव्हे, असे म्हटले होते. मात्र एप्रिल 2023 मध्ये त्याच न्यायालयात मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग, हर्षल पटेल आदी क्रिकेटपटू आणि त्यांच्याकडून परवाना घेतलेली कंपनी ऑनलाइन गेममधील डिजिटल कार्डांविरुद्ध गेली, तेव्हा सार्वजनिक असलेली नावे, आकडेवारी आणि रेखाचित्रे वापरण्यास अंतरिम मनाई करण्यास न्यायालयाने नकार दिला. सिराजकडे निदान वकील होता. विद्यापीठ स्पर्धांत कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या मुलाचे छायाचित्र उद्या कोणी गेममध्ये घातले तर त्याने कोणाकडे जावे? 2019 मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटनादेखील निवृत्तांपुरतीच आहे. आज मैदानात असलेल्यांची संघटना नाही. स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना खेळाडू कशाकशावर सही करतो, हे एकदा आपल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी जाहीर करावे.

ओबॅनन यांचा खेळ बास्केटबॉल. त्याचा महाविद्यालयीन गेम 2009 नंतर निघाला नाही. तो परत आणण्याची घोषणा कंपनीने 2025 मध्ये केली. तो बाजारात येईल तेव्हा त्यात 1995 चा यूसीएलएचा संघ असेल का, आणि असल्यास 31 क्रमांकाच्या त्या डावखुऱ्या खेळाडूला आधी विचारले जाईल का, हे पाहावयाचे.